एअरबॅगचा दिवा विझत नाही, तेव्हा

चावी फिरवा आणि मीटरकडे बघत मनात सहापर्यंत मोजा. खुर्चीत बसलेला माणूस आणि त्याच्या छातीसमोर गोल फुगा, असं चित्र असलेला लाल दिवा पेटतो आणि बहुतेक गाड्यांत सहा-सात सेकंदांत विझतो. तेवढ्या वेळात एअरबॅगचं मॉड्यूल, म्हणजे एअरबॅग कधी उघडायची ते ठरवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, स्वतःची आणि आपल्याला जोडलेल्या प्रत्येक तारेची हजेरी घेतं. कुणी गैरहजर सापडलं की दिवा पेटलेलाच राहतो. गाडी मात्र नेहमीसारखी चालते, ब्रेक लागतात, एसी गार होतो, म्हणून मालक महिनोन् महिने त्याच्याकडे काणाडोळा करतात. हा दिवा पेटलेला असताना गाडी ठोकली, तर एअरबॅग उघडेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

या कामात नव्याने पडलेल्या वायरमनसाठी आणि आपल्या गाडीत डोकं घालायची हौस असलेल्या मालकासाठी हे लिहितोय. माझ्याकडे या दिव्याची तक्रार घेऊन येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा "मॉड्यूल गेलंय म्हणे" असं म्हणतच आत येतं, आणि बहुतेक वेळा मॉड्यूल ठणठणीत असतं. ते बिचारं निरोप्याचं काम करत असतं. तेव्हा पुढचं बरंचसं लिखाण मॉड्यूल सोडून इतर गोष्टींबद्दल आहे, त्याला नाइलाज आहे.

दिवा अजिबातच न पेटणं हे पेटून राहण्यापेक्षा वाईट. जुनी गाडी घेताना हे आधी बघा. दिव्याचा बल्ब काढून टाकलेला असतो, किंवा त्याची तार चार्जिंगच्या दिव्याला जोडून दिलेली असते, म्हणजे इंजिन सुरू झालं की दोन्ही दिवे एकदम विझतात आणि घेणारा खूश होतो. एअरबॅगचा दिवा स्वतःच्या वेळेने विझतो. इंजिन चालू करा वा करू नका. म्हणून तपासताना चावी 'ऑन'वर ठेवायची, स्टार्टर मारायचा नाही आणि मोजायचं.

पेटी आणि तिच्या आतलं

मॉड्यूल म्हणजे तळहाताएवढी धातूची किंवा प्लॅस्टिकची पेटी. ती गाडीच्या मध्यभागी, गिअर लिव्हरच्या पुढे किंवा कन्सोलच्या खाली, फ्लोअरच्या उंचवट्यावर थेट पत्र्याला बोल्टने आवळलेली असते. वर एक बाण असतो आणि तो गाडीच्या नाकाकडेच हवा. आत धक्का मोजणारा सेन्सर असतो. पत्र्याला बसलेला हादरा पेटीला जसाच्या तसा कळला पाहिजे. बोल्ट ढिले असतील, खाली वॉशर सारलेलं असेल, किंवा पेटी उलटी बसवली असेल, तर तिचा हिशोबच चुकतो. हे बोल्ट अंदाजाने नाही, टॉर्क पान्ह्याने आणि त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या आकड्यावर आवळायचे.

धक्का बसल्यापासून निर्णय घेऊन फुगा फुलेपर्यंत सगळं मिळून सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळाचा खेळ. त्या गडबडीत बॅटरीची तार तुटली तरी काम व्हावं म्हणून पेटीत वीज साठवणारा मोठा कपॅसिटर असतो, आणि तो बॅटरी काढल्यावरही काही काळ भरलेला राहतो. हे वाक्य पाठ करून ठेवा.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या गाडीत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली आणि २०२१ अखेरपर्यंत शेजारच्या सीटचीही. म्हणजे आता छोट्यात छोटी गाडी घेऊन येणारा माणूसही ही तक्रार आणणार. 'आपण इंजिनवाले, हे आपलं काम नाही' म्हणून चालणार नाही.

आधी जीव

एअरबॅगच्या आत स्फोटक पदार्थाची वडी असते आणि ती पेटवायला साधारण २ ओहमची बारीक तार, म्हणजे स्क्विब. १.२ अँपिअरचा प्रवाह दोन मिलिसेकंद गेला की ती पेटते. आता आपल्या गॅरेजातला टेस्ट लॅम्प आठवा. त्यात इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावलेला असेल तर तो १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. एअरबॅगचं वायरिंग पिवळ्या रंगाचं असतं; त्या पिवळ्या तारेला तो टेकवून "लाइट येते का बघू" म्हणणाऱ्या पोराला मी एकदा हात धरून मागे ओढलंय. पिवळा कपलर (तारा जोडणारा प्लग), पिवळी पाइप दिसली की टेस्ट लॅम्प खिशात. मल्टिमीटरसुद्धा एअरबॅगच्या पिनांवर लावायचा नाही. चांगल्या डिजिटल मीटरचा प्रवाह फार थोडा असतो हे खरं, पण कुणाचा मीटर चांगला आहे हे त्या क्षणी कोण ठरवणार?

कुठलाही पिवळा कपलर सोडवण्याआधी चावी बंद करून काढून घ्या, बॅटरीचा निगेटिव्ह काढा, त्याला कापड गुंडाळा आणि थांबा. कुठली कंपनी दीड मिनिट सांगते, कुठली तीन. मी सरसकट दहा मिनिटं थांबतो. तेवढ्यात चहा होतो. स्टेअरिंगमधून काढलेली एअरबॅग कव्हरची बाजू वर करून टेबलावर ठेवायची. उलटी ठेवली आणि फुटली तर ती उडते. नेताना कव्हर अंगापासून लांब, तोंड बाहेर. तिच्यावर कुणी वाकायचं नाही, ती उन्हात ठेवायची नाही, आणि हात लावण्याआधी गाडीच्या पत्र्याला एकदा स्पर्श करून अंगातली स्टॅटिक वीज उतरवायची.

पैसे लागत नाहीत ती तपासणी

चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून रिकॉल आहे का बघा. हे दोन मिनिटांचं काम मी नेहमी आधी करतो, कारण मॉड्यूलचेच रिकॉल झालेले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने १७,३६२ गाड्या एअरबॅग कंट्रोलर तपासून गरज असेल तर फुकट बदलण्यासाठी परत बोलावल्या. ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या काळात बनलेल्या त्या गाड्या होत्या. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये कियाने ४४,१७४ कॅरेन्स गाड्या मॉड्यूलच्या सॉफ्टवेअरसाठी बोलावल्या होत्या. अशा गाडीची पेटी आपण उघडून बसलो तर मालकाचं नुकसान आपणच केलं.

मग बॅटरी. बंद गाडीवर १२.४ ते १२.७ व्होल्ट, चालू गाडीवर १४ च्या आसपास. बॅटरी उतरली, धक्का मारून किंवा जंप देऊन गाडी सुरू केली आणि दिवा पेटला, हे फार वेळा होतं. एअरबॅगचा फ्यूजही बघून घ्या. फ्यूज उडालेला असेल तर तो का उडाला हे कळल्याशिवाय नवा घालू नका, आणि जास्त अँपिअरचा तर कधीच नाही.

स्कॅनर

ब्लूटूथवाला स्वस्त डोंगल इथे बहुतेक कामाचा नाही. तो इंजिनचे 'पी'ने सुरू होणारे दोषांचे कोड वाचतो. एअरबॅगचे कोड 'बी'ने सुरू होतात आणि ते वाचायला एअरबॅग यंत्रणा उघडू शकणारा स्कॅनर लागतो. लाँच, ऑटेल यांसारख्यांच्या मधल्या किमतीच्या स्कॅनरमध्ये ते मिळतं. स्वतःकडे नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला दोन-तीनशे रुपये देऊन रिपोर्ट काढून घ्या, अंदाजाने पार्ट बदलत बसण्यापेक्षा ते स्वस्त.

कोड दिसले की पहिला हात 'क्लिअर'कडे जातो. तो आवरा. आधी फोटो काढा आणि प्रत्येक कोडपुढे 'करंट' लिहिलंय की 'हिस्ट्री' ते बघा. करंट म्हणजे दोष आत्ता आहे. हिस्ट्री म्हणजे येऊन गेला, आणि तो कधी येतो ते शोधायचं काम आपलं. नंतर कोडची भाषा नीट वाचा. 'ड्रायव्हर एअरबॅग रेझिस्टन्स हाय' म्हणजे वाट कुठेतरी तुटली. 'लो' म्हणजे दोन तारा एकमेकींना चिकटल्या. 'शॉर्ट टु ग्राउंड' म्हणजे तार पत्र्याला घासली. 'यू०१५१' दिसला तर तो एअरबॅग मॉड्यूलचा नाहीच; इतर मॉड्यूल तक्रार करताहेत की एअरबॅगवाला फोन उचलत नाही. यांपैकी एकातही 'पेटी खराब' असं लिहिलेलं नाही, हे लक्षात घ्या.

स्कॅनरमध्ये लाइव्ह डेटा मिळत असेल तर तुमचं निम्मं काम तिथेच होतं. प्रत्येक एअरबॅगचा आणि बेल्टच्या प्रीटेन्शनरचा (अपघातात बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाचा) ओहममधला आकडा दिसतो, साधारण २ च्या आसपास. मीटर लावायची गरजच उरत नाही, मॉड्यूल स्वतःच सुरक्षित प्रवाहाने मोजून सांगतं. गाडी उभी, चावी ऑन. एकजण स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवतो, दुसरा आकडा बघतो. मग सीट पुढे-मागे. आकडा जिथे उडी मारेल तिथे चोर.

सीटखालचा कपलर

पुढच्या सीटखाली पिवळा कपलर असतो, बेल्टच्या बकलचा किंवा सीटच्या बाजूच्या एअरबॅगचा. गणपतीला गावी निघालेल्या गाडीच्या सीटखाली काय काय कोंबलेलं असतं ते ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. छत्री, चपला, पाण्याची बाटली. सीट मागे सारली की ते सामान तारेला ओढतं. गाडी आतून धुऊन-पुसून आणल्यावर दिवा पेटला तर व्हॅक्यूमच्या नळीवर संशय घ्या.

बॅटरी काढून दहा मिनिटांनी कपलर सोडवा, पिना बघा. हिरवट दिसल्या तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि सुकू द्या. पॉलिश पेपर अजिबात नाही. या पिनांवर बऱ्याचदा सोन्याचा मुलामा असतो आणि दोन घासांत तो जातो. लॉक 'टक्' वाजेपर्यंत बसवा, तार क्लिपमध्ये अडकवा. पुष्कळ गाड्या एवढ्यावर बऱ्या होऊन जातात, आणि मग बिल किती लावायचं हा प्रश्न पडतो.

जाता जाता: सीटच्या बाजूला एअरबॅगचं लेबल असेल आणि वरून जाडजूड लेदरचं कव्हर शिवून चढवलेलं असेल, तर ती एअरबॅग फुटेल तेव्हा कव्हर तिला अडवेल. दिवा याबद्दल काही बोलत नाही. मालकाला आपणच सांगायचं.

क्लॉक स्प्रिंग

ड्रायव्हरच्या एअरबॅगचा 'हाय' कोड, त्यात हॉर्न कधी वाजतो कधी नाही, स्टेअरिंगवरची आवाजाची बटणं मेली, वळवताना आत कागद चुरगळल्यासारखी खसखस: ही चार लक्षणं एकत्र आली की क्लॉक स्प्रिंग गेली असं समजायला हरकत नाही. फिरत्या स्टेअरिंगला वीज पोचवणारी ती गुंडाळलेली चपटी पट्टी, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी. वर्षानुवर्षं उलगडून-मिटून ती चिरते. धुळीच्या, रोज घाट चढणाऱ्या गाड्यांत लवकर.

खात्री करायची असेल तर एअरबॅगच्या जागी मॅन्युअलमध्ये दिलेल्या किमतीचा, साधारण २ ओहमचा रेझिस्टर लावून बघतात. बॅटरी काढा, थांबा, एअरबॅग उतरवा, तिच्या कपलरमध्ये रेझिस्टर अडकवा, बॅटरी जोडा, स्कॅन करा. कोड गेला तर दोष एअरबॅगमध्ये. राहिला तर दोष क्लॉक स्प्रिंगमध्ये किंवा पुढच्या तारेत. पाहून झालं की पुन्हा बॅटरी काढून, थांबून, रेझिस्टर बाहेर. तो आत ठेवून गाडी परत देणारे लोक आहेत. दिवा विझतो, मॉड्यूलला वाटतं एअरबॅग जागेवर आहे, आणि स्टेअरिंगच्या कव्हरमागे शून्य. याला मी दुरुस्ती म्हणत नाही, आणि असं काम करणाऱ्याशी उधारीचा व्यवहारही ठेवत नाही.

क्लॉक स्प्रिंग बदलताना नवखा चुकतो ते सेंटरिंगला. चाकं सरळ करा, स्टेअरिंगच्या नटावर आणि शाफ्टवर खूण करा, मग काढा. नवी स्प्रिंग लॉक पिनसह मधोमध बसवलेली येते, ती पिन शेवटी काढायची. पिन आधीच निघाली असेल तर पट्टी हलक्या हाताने एका टोकापर्यंत फिरवून, मॅन्युअलमध्ये सांगितलेले फेरे मागे घेऊन, बाण जुळवायचे. अंदाजाने बसवलीत तर गाडी गॅरेजातून छान जाईल आणि पहिल्या पूर्ण यू टर्नला नवी पट्टी तुटेल.

तारा आणि उंदीर

पावसाळ्यात उभ्या गाडीत उंदीर शिरतो आणि त्याला पिवळं-निळं काही कळत नाही. एअरबॅगच्या वायरिंगला सोल्डर मारून टेप गुंडाळायची नाही; बहुतेक कंपन्या ते स्पष्ट नाकारतात. हार्नेसचा, म्हणजे तारांच्या जुडग्याचा, तो भाग बदला, किंवा कंपनी परवानगी देत असेल तर तिच्याच क्रिंप किटने जोडा आणि तारांचा पीळ होता तसाच ठेवा. या तारा तुटल्याची तपासणी करताना एक फसगत ठरलेली. कपलर सोडवला की आतली छोटी पट्टी दोन्ही पिना आपोआप शॉर्ट करते, स्टॅटिकने एअरबॅग उडू नये म्हणून. तुम्ही मीटर लावता, तो शॉर्ट दाखवतो, आणि तुम्ही चांगलं वायरिंग फाडत बसता. तारेची दोन्ही टोकं, एअरबॅगकडचं आणि मॉड्यूलकडचं, मोकळी करून, त्या पट्टीखाली प्लॅस्टिकचा पातळ तुकडा सारूनच मोजा.

आता पेटी

मॉड्यूलवर संशय घ्यायला तीन कारणं पुरेशी. स्कॅनर 'इंटर्नल फॉल्ट' म्हणतो आणि क्लिअर केल्यावर लगेच परत म्हणतो. किंवा मॉड्यूल बोलतच नाही, पण त्याच्या कपलरवर सप्लाय आहे, अर्थिंग पक्कं आहे, आणि बॅटरी काढून 'कॅन'च्या, म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी ज्यावरून बोलतात त्या, दोन तारांमध्ये मोजलं तर ६० ओहम येतात. किंवा पेटी भिजलेली आहे.

भिजणं हा आपल्याकडचा खास विषय. ही पेटी केबिनमध्ये खालीच, फ्लोअरजवळ बसते. गाडीत पाणी शिरलं की ती बुडायची भीती असते. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर एक गाडी माझ्याकडे आली होती. सीट धुतलेल्या, कार्पेट नवं, दिवाही विझलेला. पुढच्या पावसाळ्यात दिवा परत आला. पेटी उघडली तर पिनांच्या रांगेखाली हिरवा थर, आणि बोर्डावरचा एक ट्रॅक, म्हणजे तांब्याची रेघ, मध्येच खाल्लेला. तो ट्रॅक तारेने जोडून दिवा विझवता आला असता, तेवढं सोल्डरिंग मला येतं. पण चिपांच्या पोटाखाली काय शिरलंय ते दिसत नाही, आणि टेबलावर अपघात करून बघता येत नाही. पेटी बदलली.

टेबलावरची परीक्षा किती अपुरी असते याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं. तिथल्या रस्ता सुरक्षा संस्थेने एप्रिल २०१९ मध्ये टीआरडब्ल्यू कंपनीच्या एअरबॅग कंट्रोल युनिटबद्दलची, म्हणजे याच पेटीबद्दलची, चौकशी सुमारे १ कोटी २३ लाख गाड्यांपर्यंत वाढवली. संशय असा की अपघाताच्या क्षणी उसळलेल्या विजेच्या झटक्याने आतली एक चिपच जळते आणि एअरबॅग उघडत नाही. म्हणजे अशी पेटी रोज सहा सेकंदांत दिवा विझवून उत्तम तब्येत दाखवणार.

मग पेटीत दुरुस्त करण्याजोगं काय? वाकलेली पिन, कपलरच्या बाजूचा सुटलेला सोल्डर, एवढंच मी करतो, तेही पेटी कोरडी असेल आणि बदली मिळतच नसेल तर. अपघातानंतरची 'क्रॅश डेटा' पुसायची सेवा बाजारात मिळते. बोर्डावरच्या आठ पायांच्या मेमरी चिपला किंवा थेट प्रोसेसरला प्रोग्रामर लावून आतली फाइल वाचायची, अपघाताची नोंद काढायची आणि परत लिहायची. दिवा विझतो. पण एकदा एअरबॅग फोडलेली पेटी परत वापरायला बहुतेक कंपन्या मनाई करतात, आणि परत लिहिताना अनेकदा दुसऱ्याच गाडीची फाइल टाकलेली असते. त्या गाडीला दोन एअरबॅग, तुमच्या गाडीला सहा, मग उरलेल्या चारांचं काय? काही कंपन्या फक्त बेल्टचा प्रीटेन्शनर उडाला असेल तर तीच पेटी चालू देतात, तसं त्यांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. तेवढी सूट घ्या. विम्याचा क्लेम चालू असेल तर पेटीला बोटही लावू नका, सर्व्हेअरला ती तशीच दिसली पाहिजे.

बदलायची तर पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनी पेटी आणायचा मोह होईल. दिसायला हुबेहूब असते, पण ती कुठल्या गाडीतून आली, बुडाली होती का, तिने एअरबॅग फोडली होती का, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. शिवाय बऱ्याच पेट्या चेसिस नंबरला बांधलेल्या असतात आणि दुसऱ्या गाडीत बोलत नाहीत. नवी पेटीही नुसती लावून भागत नाही, स्कॅनरने तिला गाडीचं मॉडेल आणि एअरबॅगची संख्या शिकवावी लागते. नवी लावण्याआधी कपलरच्या पिना आणि खालचा पत्रा कोरडा आहे ना ते बघा. ओल्या कार्पेटवर नवी पेटी म्हणजे पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक.

पहिल्यांदा चावी ऑन करताना गाडीत कुणी बसायचं नाही. बॅटरी जोडल्यावर दाराबाहेर उभं राहून, हात एअरबॅगच्या समोर येणार नाही असा बाजूने आत घालून चावी फिरवा. दिवा पेटेल, सहा-सात सेकंदांनी विझेल. मग जुने कोड क्लिअर करा, गाडी वीसेक मिनिटं चालवा, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, सीट पुढे-मागे सारा, आणि पुन्हा एकदा स्कॅनर लावा. तो दुसरा रिपोर्ट छापून बिलाला टाचणी लावून द्या, जुनी पेटी मालकाला दाखवा आणि तिच्यावर मार्करने 'भिजलेली' किंवा 'फुटलेली' असं मोठ्या अक्षरात लिहूनच भंगारात टाका.